सहीनंतरची दुरुस्ती

१९९० ते १९९९ ही नऊ वर्षे मी पुण्यात शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात काढली. पहिली काही वर्षे खिळे जुळवण्यात गेली, पुढची संगणकावर पाने लावण्यात. तिथे एक हिशोब प्रत्येकाला तोंडपाठ असे. गॅलीत सापडलेली चूक म्हणजे चिमट्याने एक खिळा उपसून दुसरा बसवायचा. पाने पडल्यावर सापडली तर ओळी सरकणार, कदाचित पुढची दोन पाने उलगडणार. फर्मा मशीनवर चढल्यावर सापडली तर मशीन थांबणार आणि मालक खाली उतरणार. बांधणी झाल्यावर सापडली तर शुद्धिपत्र. आमचे फोरमन म्हणत, “चूक तीच, भाव निराळा.” म्हणून लेखकाला प्रूफ एकदा नव्हे, दोनदा-तीनदा पाठवायची रीत होती. लेखक कितीही मोठा असो आणि हस्तलिखितावर त्याची सही असो, छापलेल्या अक्षरांत आपला मजकूर पाहिल्याशिवाय त्याला आपली चूक दिसत नाही, हे छापखान्याने गृहीतच धरले होते.

२००० साली मी वेबसाइट तयार करणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागलो. पाने लावता येणारी माणसे तेव्हा त्यांना हवी होती, आणि एचटीएमएल मी रात्री सायबर कॅफेत बसून शिकलो होतो. दोन खोल्यांचे ऑफिस, आम्ही अकरा जण. पहिले मोठे काम आले ते परदेशातल्या एका फर्निचर विक्रेत्याचे, तेही मुंबईच्या एका बड्या ठेकेदारामार्फत. कामाआधी दोन महिने फक्त कागद तयार झाला. त्याला ‘रिक्वायरमेंट डॉक्युमेंट’ म्हणत. दोनशेवर पाने, प्रत्येक परिच्छेदाला आकडा, शेवटी दोन्ही बाजूंच्या सह्या. छापखान्यातला माणूस म्हणून त्याची मांडणी माझ्याकडे आली. अनुक्रमणिका, आकृत्या, समास सगळे नीट लावून दिले. त्या कागदाचा मला अभिमान वाटला होता, हे आज सांगितले पाहिजे.

त्यात एक कलम असे होते की, ग्राहकाने आधी नावनोंदणी करावी आणि मगच त्याला माल व किमती दिसाव्यात. चाचणीचे काम करणारी चोवीस-पंचवीस वर्षांची एक सहकारी दुसऱ्या महिन्यात म्हणाली, “सर, दुकानात शिरायच्या आधी दारातच कुणी नाव-पत्ता लिहून घेतं का? मी तर परत फिरेन.” साहेब म्हणाले, “क्लायंटने सही केली आहे. आपण कागदाबाहेर जायचं नाही.” ती माझ्याकडे वळून म्हणाली, “दादा, तुम्हाला काय वाटतं?” मी काही बोललो नाही.

पाच महिन्यांनी साइट गेली, ती अगदी कागदाबरहुकूम. विक्रेत्याने ती आपल्या काही ग्राहकांसमोर ठेवली, तेव्हा माणसे नावनोंदणीच्या पानावरून परत फिरू लागली. विक्रेता म्हणाला, हे आम्हाला नको. ठेकेदाराने कागद दाखवला, विक्रेत्याने पैसे थांबवले, ठेकेदाराने आमचे थांबवले. तीन महिन्यांत अकराचे पाच झालो. पहिली कमी झाली ती हीच मुलगी, कारण नोकरीत ती सर्वांत नवी होती.

त्या दोनशे पानांची रीत आली कुठून, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला. मी संगणकशास्त्राचा पदवीधर नाही. शिक्षण बारावीपर्यंत, पुढचे सगळे स्वतः वाचून. पण मूळ कागद मिळवून तो शेवटपर्यंत वाचायची सवय छापखान्याने लावली होती, तिचा उपयोग झाला.

०००

आमच्या ऑफिसच्या भिंतीवर एक आकृती होती. वरून खाली उतरणाऱ्या पायऱ्या : गरजा, विश्लेषण, रचना, कोड, चाचणी, वापर. हिला जगभर ‘वॉटरफॉल’, म्हणजे धबधबा म्हणतात. पाणी वर चढत नाही, तसे या रीतीत मागे फिरायचे नाही. तिचे मूळ म्हणून सगळी पुस्तके विन्स्टन रॉइस यांच्याकडे बोट दाखवतात. रॉइस अमेरिकेत टीआरडब्ल्यू या कंपनीत अवकाशयानांच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. १९७० च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या वेस्कॉन परिषदेत त्यांनी ‘मॅनेजिंग द डेव्हलपमेंट ऑफ लार्ज सॉफ्टवेअर सिस्टिम्स’ हा निबंध मांडला. त्याच्या दोनच वर्षे आधी, ऑक्टोबर १९६८ मध्ये, जर्मनीतल्या गार्मिश गावी नाटोने भरवलेल्या परिषदेत मोठी सॉफ्टवेअरे वेळेत आणि पैशांत का बसत नाहीत, यावर खल झाला होता. रॉइस यांचा निबंध त्याच चिंतेतून आलेला आहे.

निबंध अवघा अकरा पानांचा. तो हाती आल्यावर मी आधी चकित झालो आणि मग मला राग आला. ती पायऱ्यांची आकृती त्यात दुसऱ्याच क्रमांकावर आहे, आणि तिच्यानंतर लगेच रॉइस सांगतात की, ही रीत अशीच राबवली तर धोका आहे, अपयशाला ते आमंत्रण ठरेल. कारण काय, तर चाचणी शेवटी येते, आणि वेळ, साठवण, माहितीची ये-जा यांचे खरे वागणे पहिल्यांदा तिथेच कळते. तिथे मोठा दोष निघाला की, रचनेकडेच नव्हे, थेट गरजांकडे परत जावे लागते. यावर त्यांनी पाच उपाय सांगितले. कार्यक्रमाची रचना आधी करा; ती कागदावर नीट नोंदवा; सगळे काम दोनदा करा, म्हणजे आधी एक छोटी चाचणीवजा आवृत्ती बांधून बघा; चाचणीचे नियोजन करा; आणि ग्राहकाला मधल्या टप्प्यांवर सामील करून घ्या. ‘वॉटरफॉल’ हा शब्द निबंधात कुठेही नाही. तो पुढे १९७६ साली बेल आणि थेयर यांच्या लेखातून रूढ झाला, असे मानले जाते.

म्हणजे निबंधातली ज्याच्यावर टीका होती ती आकृती लोकांनी उचलली, आणि ज्या पानांवर उपाय होते ती पाने मागे राहिली. पाच उपायांपैकी एकच उपाय सर्वत्र पोचला : कागदावर नोंदवा. दोनदा करा आणि ग्राहकाला दाखवत राहा, हे दोन वाटेत गळाले.

हे गळणे अपघाताने झाले असे मला वाटत नाही. जो विकत घेतो आणि जो विकतो त्या दोघांना एक आकडा हवा असतो : किती पैसे, किती महिने. ‘आधी एकदा करून बघू, मग सांगू’ या वाक्याचे टेंडर निघत नाही. पायऱ्यांचे निघते, कारण प्रत्येक पायरीवर एक कागद, एक सही आणि एक हप्ता ठेवता येतो. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८५ साली ‘डीओडी-एसटीडी-२१६७’ हे मानक काढले, तेव्हा याच पायऱ्यांवर शासकीय मोहोर उठली. क्रेग लार्मन आणि व्हिक्टर बासिली यांनी २००३ साली या सगळ्याचा इतिहास लिहिला. त्यात त्या मानकाच्या प्रमुख कर्त्याने पुढे खेद व्यक्त केल्याची नोंद आहे. थोडे थोडे बांधत, तपासत जाण्याची रीत तेव्हा आपल्याला माहीतच नव्हती, असे त्याने सांगितले. आणि ती रीत तर जुनीच होती. याच इतिहासात आणखी एक नोंद आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी, नासाच्या मर्क्युरी या मानवी अवकाशयान प्रकल्पात, प्रोग्रामर अर्ध्या अर्ध्या दिवसाच्या फेऱ्यांत काम करत आणि प्रत्येक तुकड्याआधी त्याची चाचणी लिहून ठेवत.

०००

१९८१ साली बॅरी बोम यांनी सॉफ्टवेअरच्या अर्थशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात एक आलेख छापला. गरजा लिहितानाच सापडलेली चूक दुरुस्त करायला जो खर्च येतो, तो तीच चूक वापर सुरू झाल्यावर सापडली तर मोठ्या प्रकल्पात शंभरपट होऊ शकतो. छोट्या प्रकल्पांत ही चढण बरीच सौम्य असते. आलेख पाहताना मला आमचे फोरमन आठवले. चूक तीच, भाव निराळा. पण या एकाच आलेखातून दोन धडे निघतात. एक असा की, चूक पुढे महाग पडते, म्हणून आधी सगळे कागदावर पक्के करा. दुसरा असा की, चूक पुढे महाग पडते, म्हणून ती लवकर दिसेल असे काहीतरी लवकर बांधा. छापखान्याने दुसरा धडा घेतला होता. प्रूफ म्हणजे दुसरे काय? सॉफ्टवेअरच्या ठेकेदारीने पहिला घेतला. बोम स्वतः दुसऱ्या बाजूला होते. १९८८ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे सर्पिल प्रारूप फेऱ्याफेऱ्यांनी पुढे जाते आणि प्रत्येक फेरीत सर्वांत मोठा धोका आधी हाताळते.

या वादात वेबने काय केले, तर आलेखाचे टोकच हलवले. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली सर्न या संस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते तंत्र सर्वांना खुले केले. तोवर सॉफ्टवेअर म्हणजे चकतीवर कोरून खोक्यात घालून पाठवायची वस्तू. ती गेली की फर्मा छापला गेला. वेबसाइट मात्र एका सर्व्हरवर राहते. तिथली फाइल बदलली की पुढच्या क्षणी येणाऱ्या प्रत्येकाला नवी दिसते. ज्या भीतीपोटी सगळे आधी पक्के करायचे, ती भीतीच अर्धी झाली.

पण वेबने नव्या अडचणीही आणल्या. सॉफ्टवेअरचा वापरणारा एरवी ओळखीचा असे : अमुक बँकेचे कारकून, अमुक कारखान्याचे स्टोअरकीपर. त्यांना प्रशिक्षण देता येई. वेबवर येणारा अनोळखी असतो, शिकवणीला बसत नाही आणि आवडले नाही तर एका क्लिकमध्ये जातो. शिवाय आता कामात चित्रकार आले, मजकूर लिहिणारे आले. त्यांची काम करायची रीत आणि प्रोग्रामरची रीत यांची गाठ कुठे घालायची? १९९८ मध्ये ब्रिस्बेनच्या वेब परिषदेत सान मुरुगेसन, योगेश देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘वेब इंजिनिअरिंग’ या नावाने यावर वेगळी चर्चा सुरू केली. साइट ही एकदा बांधून सोडायची इमारत नाही, ती वाढत राहते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता.

याच सुमारास रॅशनल कंपनीची ‘युनिफाइड प्रोसेस’ नावारूपाला आली. तिचे मुख्य शिल्पकार फिलिप क्रुक्टन. आरंभ, तपशील, बांधणी आणि हवाली करणे असे तिचे चार टप्पे, आणि प्रत्येक टप्प्यात एक किंवा अनेक फेऱ्या. प्रत्येक फेरीअखेर चालवून बघता येईल असे काहीतरी. तिच्यात कागदांचे नमुने ढीगभर होते, पण ते सगळे भरायचे नव्हते. कोणते घ्यायचे आणि कोणते सोडायचे, हे प्रकल्पागणिक ठरवून आधी लिहून काढायचे, अशी तरतूद प्रक्रियेतच होती. वेबसाठी ती बेतताना चांगल्या लोकांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. साइटच्या पानांचा नकाशा, म्हणजे कुठून कुठे जाता येते तो आराखडा, गरजांच्या जोडीला आणला. चित्रकाराचे दोन-तीन पर्याय पहिल्याच टप्प्यात ग्राहकापुढे ठेवले. ब्राउझरमध्ये उघडणारा कच्चा नमुना लवकर करून तो खऱ्या माणसांकडून वापरून घेतला. जिम कोनालेन यांनी २००० सालच्या आपल्या पुस्तकात रचनेच्या आकृत्यांची भाषाच वेबसाठी वाढवली. सर्व्हरवर पान तयार करणारा भाग वेगळा आणि वाचणाऱ्याच्या पडद्यावर उमटणारे पान वेगळे, हा भेद त्यांनी आकृतीत आणला. एरवी एकाच फाइलमध्ये दोन्हींची खिचडी होत असे, आणि कोणती चूक कुठली हे कळत नसे.

आता आमच्याकडे वळतो. ठेकेदाराने आम्हाला याच प्रक्रियेच्या नावांचे कागद मागितले होते. आम्ही नावे घेतली, नमुने भरले; फेऱ्या वगळल्या. चार टप्पे आम्ही चार पायऱ्या म्हणून वाचले. दोष प्रक्रियेचा नव्हता. नवे पुस्तक आम्ही जुन्या भिंतीवरच्या आकृतीतून वाचले. रॉइस यांचे जे झाले, तेच तीस वर्षांनी क्रुक्टन यांचे झाले.

यात आपल्याकडचा एक धागा आहे, तो टाळता येणार नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने कंपन्यांची प्रक्रिया किती पक्व आहे हे पाच पातळ्यांत मोजणारे प्रारूप काढले. त्याची प्रसिद्ध आवृत्ती १९९३ ची. भारतीय कंपन्यांनी ते मनावर घेतले, आणि शतक उलटताना जगातल्या पाचव्या पातळीच्या कंपन्यांत भारतीय कंपन्याच जास्त दिसू लागल्या. ही कमाई खरी होती. अनोळखी देशातल्या, स्वस्तात काम करणाऱ्या माणसांवर विश्वास का ठेवावा, या प्रश्नाला ते उत्तर होते. पण ग्राहक दहा-बारा तासांच्या अंतरावर बसलेला असला की, दोघांमध्ये सामाईक असतो तो फक्त कागद. कागद हीच आमची पत झाली. अशा वेळी ‘सर, मी तर परत फिरेन’ हे वाक्य कोणत्या नमुन्यात भरायचे?

०००

पुढचा इतिहास बहुतेकांना माहीत आहे. केंट बेक यांनी क्रायस्लर कंपनीच्या पगारपत्रकाच्या प्रकल्पात ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’ची रीत घडवली आणि १९९९ अखेर तिच्यावर पुस्तक लिहिले. बोम यांच्या आलेखाची चढण सपाट करता येते, हा त्यातला मूळ दावा. फेब्रुवारी २००१ मध्ये यूटा राज्यातल्या स्नोबर्ड येथे सतरा जणांनी ‘अजाइल’ जाहीरनामा लिहिला. २००९ साली जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी एका परिषदेत सांगितले की, फ्लिकर या छायाचित्रांच्या साइटवर आम्ही दिवसाला दहाहून अधिक वेळा बदल चढवतो. छापखान्यातल्या माणसाच्या कानाला हे असे वाटते, जणू छापून गेलेल्या पुस्तकातली ओळ वाचकाच्या हातातच दुरुस्त व्हावी.

पण ज्याच्याकडे सही आणि हप्ता असतो, तो खरेदीदार बदलला का? १ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकी सरकारने आरोग्य विमा घेण्यासाठी ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ ही साइट उघडली. छत्तीस राज्यांतल्या नागरिकांना विम्यासाठी तिच्याकडे यायचे होते. काम पन्नासहून अधिक ठेकेदारांत वाटलेले. सगळे भाग एकत्र जोडून केलेली चाचणी उद्घाटनाच्या जेमतेम दोन आठवडे आधी सुरू झाली, असे ठेकेदारांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितले. पहिल्या दिवशी विम्याची नोंदणी पूर्ण झाली ती सहा जणांची. आणि गर्दी कोंडली कुठे? योजना आणि त्यांच्या किमती पाहण्याआधी प्रत्येकाने खाते उघडावे, असे ठरवले गेले होते. त्या दारातच माणसे अडकली.

ही बातमी मी वाचली तेव्हा पहाटेचे दोन वाजले होते, आणि मला पुन्हा झोप लागली नाही. आमच्या चुकीत एका विक्रेत्याची खुर्च्या-टेबले अडकली होती. इथे ज्यांना आजवर विमा मिळाला नव्हता अशी आजारी माणसे दारात उभी होती. नंतर एक लहान, निवडक चमू आणला गेला. ते रोज एकत्र बसून काय मोडले आहे ते बघत आणि दुरुस्त करत. नोव्हेंबर संपेपर्यंत साइट बरीच सावरली. म्हणजे जी रीत आधी वापरता आली असती, तीच शेवटी वापरली. फक्त तिचा भाव तोवर वाढला होता.

याच्या एक वर्ष आधी ब्रिटनने दुसरा रस्ता धरला होता. २०११ साली तिथे एका छोट्या गटाने बारा आठवड्यांत सरकारी साइटचा कच्चा नमुना बांधून लोकांपुढे खुला ठेवला, टीका ऐकली, मग दुसरी आवृत्ती केली, आणि १७ ऑक्टोबर २०१२ रोजी ‘गव्ह डॉट यूके’ने जुन्या दोन मोठ्या साइट्सची जागा घेतली. रॉइस यांचे तिसरे आणि पाचवे कलम, दोनदा करा आणि ग्राहकाला सामील करा, बेचाळीस वर्षांनी एका सरकारने अमलात आणले.

०००

हा लेख लिहायला घेतल्यावर मी त्या सहकारीचा फोन नंबर शोधून काढला. ती आता साताऱ्याकडे शिकवण्या घेते. सॉफ्टवेअर तिने तेव्हाच सोडले. मी तिला ते वाक्य आठवून दिले, आणि त्या दिवशी मी गप्प बसलो याची माफी मागितली. वाक्य तिला आठवत नव्हते. चहाच्या पैशांवरून व्हायची ती भांडणे आठवत होती. थोड्या वेळाने तिने विचारले, “दादा, ज्यानं सही केली, त्याला कुणी साइट चालवून दाखवली होती का, सहीआधी?”

“नव्हती,” मी म्हणालो. “फक्त कागद दाखवला होता.”

“मग तो तरी काय करणार?” ती म्हणाली.

इतकी वर्षे त्या सही करणाऱ्या माणसाचा विचार मी कधी केला नव्हता. त्याच्याकडे हस्तलिखित गेले होते, प्रूफ गेलेच नव्हते. आणि प्रूफ पाठवायची रीत त्या ऑफिसात ज्या एकाच माणसाला ठाऊक होती, तो अनुक्रमणिका लावत बसला होता.